कानसाहेबांचे ब्रेक वाजतात

कानसाहेबांच्या गाडीचे ब्रेक वाजतात, ही गोष्ट इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या कानसाहेबांना.

ज्याचं त्याला कळत नाही, हे तसं जगाच्या रीतीला धरूनच आहे. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कुठे ऐकू येतं? पण कानसाहेबांची गोष्ट निराळी होती. हा माणूस चोवीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात लोकांचे कान तपासत आलेला. काचेपलीकडच्या गादी लावलेल्या खोलीत पेशंटला बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि बाहेरून एकेक स्वर सोडत जायचा. आधी जाड, मग बारीक, मग अगदी सुईच्या टोकासारखा. पेशंटने ऐकू आला की बटण दाबायचं. कोणाला किती ऐकू येतं याचा आलेख कानसाहेबांच्या सहीशिवाय डॉक्टरकडे जात नसे. त्यामुळे इमारतीत त्यांचं खरं नाव फक्त पत्रपेटीवर उरलं होतं. भिंतीत कुठे पाणी ठिबकतंय असा नुसता संशय आला, तरी लोक त्यांना बोलावून न्यायचे आणि ते भिंतीला कान लावून, डोळे मिटून, दोन मिनिटं असे उभे राहायचे की घरातली पोरंसुद्धा गप्प व्हायची.

तर एके दिवशी फाटकातून आत वळताना शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, ब्रेक किंचाळतायत."

कानसाहेबांनी पुन्हा ब्रेक दाबला. इंजिन ऐकू आलं. मागच्या सीटवर पडलेल्या पिशवीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटलेल्या ऐकू आल्या.

"आत्ता?"

"आत्ताच! हा बघा, परत!"

कानसाहेबांना "हा बघा" तेवढं ऐकू आलं. बाकी काही नाही. आणि इथे त्यांच्या हातून चूक झाली. "मला नाही बुवा ऐकू आलं," एवढं म्हणाले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण चोवीस वर्षांचा अधिकार आडवा आला. त्यांनी मान किंचित वाकडी केली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हं. येतोय खरा."

"कसा वाटतोय तुम्हाला?"

"मध्यम."

"मध्यम? दातात कळ जातेय माझ्या! एवढा बारीक आहे."

"मध्यम बारीक," कानसाहेब म्हणाले आणि गाडी लावून घाईघाईने जिना चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात आल्यावर त्यांनी रोजचं पहिलं काम हाती घेतलं. पेशंट यायच्या आधी तंत्रज्ञाने हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवून सगळे स्वर नीट वाजतात ना हे ऐकायचं आणि वहीत प्रत्येक स्वरापुढे बरोबरची खूण करायची, असा नियम होता. पहिल्या खुणा झपाझप झाल्या. शेवटच्या तीन बारीक स्वरांपाशी हात सवयीने पुढे गेला आणि थांबला. काहीच वाजत नव्हतं. त्यांनी आवाज वाढवला. शांतता. आणखी वाढवला. आणखी वाढवल्यावर कुठेतरी लांब, दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात वाजावं तसं काहीतरी आलं. त्यांनी मागची पानं उलटली. सगळीकडे तिन्ही खुणा होत्या, त्यांच्याच हाताच्या, ठसठशीत. खूण करायची हाताला सवय होती. कानाला बहुधा कित्येक महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांना घाम फुटला. यंत्रच बिघडलं असेल तर इतक्या पेशंटचे आलेख चुकले. त्यांनी हाताखालच्या मॅडमना हाक मारली. मॅडम तिशीच्या, चटपटीत.

"मॅडम, जरा ऐकता? वायर सैल वाटतेय."

मॅडमनी हेडफोन लावला, सगळे स्वर ऐकले. "नाही सर. शेवटपर्यंत स्वच्छ येतंय."

म्हणजे पेशंट सुखरूप होते. कानसाहेबांचा जीव एकीकडून भांड्यात पडला आणि दुसरीकडून बाहेर उडाला. यंत्र ठीक, म्हणजे कान गेले. त्या दिवसापासून वायर रोज सैल वाटू लागली आणि रोज सकाळी मॅडमनाच ऐकायला बसावं लागू लागलं. पण हे किती दिवस चालणार? कान गेलेला कान तपासणारा! एकदा बाहेर फुटलं की रुग्णालय आपल्याला नोंदणीच्या खिडकीवर बसवणार, आणि इमारतीतले लोक कानसाहेब म्हणतील ते तोंडावर हात ठेवून. कानसाहेब घरी आले तरी बूड म्हणून एका जागी टेकेना. कानाजवळ बोटं चोळून बघ, कागद चुरगळून बघ, घड्याळ जवळ धर, लांब धर. बायकोने विचारलं, "माशी शिरलीय का कानात?" तेव्हा ते गॅलरीत निघून गेले.

गॅलरीत येरझारा घालता घालता त्यांना मार्ग सुचला. बायको सारखी विचारणार, "आज जास्त येतोय ना?" इमारत विचारणार, "तुम्हाला कसा वाटतो?" हे सगळं त्या एका आवाजामुळे. आवाजच नाहीसा केला, तर तो ऐकू येत नाही हा दोष उरतोच कुठे? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच, पण घाबरलेल्या माणसाला पखाल फार जवळची वाटते.

"गॅरेजला टाका ना मग," त्यांचा बेत ऐकून बायको म्हणाली.

गॅरेजला टाकायचीच तर पंचाईत होती. मेकॅनिक शेजारी बसणार, एक चक्कर मारणार आणि म्हणणार, "साहेब, हाच ना आवाज?" त्यावर 'हो' म्हणायचं की 'नाही'? कानसाहेब म्हणाले, "आपल्या गाडीचं आपल्याला कळायला हवं. मी स्वतः करणार आहे." बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू ते स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच काढायला निघाले होते.

तेवढ्यात दारातून पत्र आत सरकलं. इमारतीचे सचिव एका कचेरीतून निवृत्त झालेले. घरातल्या वाणसामानाच्या यादीलाही जावक क्रमांक घालतील असा माणूस. पत्रात लिहिलं होतं, की आपल्या मालकीच्या चारचाकी वाहनाच्या थांबण्याच्या प्रक्रियेतून उद्भवणाऱ्या कर्कश ध्वनीमुळे तळमजल्यावरील रहिवाशांच्या दुपारच्या विश्रांतीत व्यत्यय येत असून, सात दिवसांत खुलासा करावा.

कानसाहेब दुखावले. आपल्याला, ध्वनीच्या बाबतीत, पत्र? त्यांनी उलट टपाली लिहिलं की 'कर्कश' ही शास्त्रीय संज्ञा नाही. सदर ध्वनीची तीव्रता, वारंवारता, कालावधी आणि दिशा कळवावी, म्हणजे खुलासा करता येईल. लिहिताना बरं वाटलं. पण हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण होतं, कारण सचिवांना असं पत्र बऱ्याच वर्षांत कोणी लिहिलं नव्हतं. त्यांच्या अंगात उत्साह संचारला आणि त्यांनी दोन दिवसांत 'ध्वनी पाहणी उपसमिती' नेमली. समितीत ते स्वतः आणि तळमजल्यावरच्या मावशी. मावशींची खिडकी बरोबर फाटकाच्या वळणावर उघडायची, त्यामुळे तक्रारदारही त्याच होत्या.

पाहणीच्या दिवशी कानसाहेबांनी वळणावरून अकरा वेळा गाडी नेली आणि अकरा वेळा ब्रेक लावला. सचिव चिमट्याच्या पुठ्ठ्यावर कागद लावून उभे, मावशी खिडकीत कानात बोटं घालायच्या तयारीत. शेवटी सचिवांनी कागद गाडीच्या खिडकीतून आत दिला.

"इथे सही. आणि हा शेवटचा रकाना आपण भरायचा. 'वाहनधारकाचे स्वतःचे निरीक्षण'. प्रत्येक फेरीला ऐकू आला की नाही ते."

कानसाहेबांनी तेच केलं जे शाळेत पन्नास टक्के मुलं करतात. शेजारच्या, सचिवांच्या रकान्यातलं जसंच्या तसं उतरवून काढलं. अकराही फेऱ्यांना 'आला'.

"अहो, सातव्या वेळी तर मांजर आडवी आली म्हणून तुम्ही अलीकडेच थांबलात," शेजारच्या सीटवरून कागदात डोकावत बायको म्हणाली. "वळणापर्यंत गेलातच कुठे? तिथून यांना वळणावर कसा ऐकू येईल?"

सचिवांनी कागद परत घेतला, सातव्या फेरीकडे पाहिलं आणि स्वतःचाही 'आला' पाहून घाईघाईने घडी घातली. त्या एका गोष्टीवर दोघांनीही पुन्हा कधी चर्चा केली नाही.

आता सल्ल्यांना ऊत आला. एक जण म्हणाला, गाडी उलटी पळवायची आणि तीनदा जोरात ब्रेक मारायचा, घाण झडून जाते. दुसऱ्याने सांगितलं, गाडी धुतली की आवाज जातो. धुवायची तेवढी उन्हात नको. मावशी म्हणाल्या, "माझं शिवणाचं मशीन अस्संच ओरडायचं. दोन थेंब तेल सोडलं, गप्प झालं. तेल घाला हो."

"मावशी, ब्रेकला तेल चालत नाही. पॅडने चकतीला घट्ट धरायचं असतं. तेल लागलं तर धरणार कसं?"

"अगदी थोडं."

"थोडंही नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चा अर्थ 'तुम्हाला काय कळतंय' असा होतो, हे कानसाहेबांना अजून माहीत नव्हतं.

कानसाहेबांच्या बाजूने उभा राहिला तो एकटा मेहुणा. मेहुण्याकडे पानेसंच होता, जॅक होता आणि आपल्याला सगळं येतं असा स्वभाव होता. असा मेहुणा प्रत्येक घरात एक असतो आणि त्याला बोलवावं लागत नाही. नवे पॅड तो स्वतःच घेऊन आला. "भावोजी, रविवारी दोन तासांचं काम. तुम्ही फक्त पाना द्यायचा."

पण रविवारच्या आधी परवानगी हवी होती. वाहनतळाच्या तोंडाशी, वळणावर एक लोखंडी फलक होता: येथे वाहनदुरुस्तीस सक्त मनाई आहे. सचिव म्हणाले, अर्ज दोन प्रतींत करा आणि दोन्ही बाजूंच्या वाहनधारकांचं ना-हरकत पत्र जोडा. डाव्या बाजूला भिंत होती. उजव्या बाजूला सचिवांचीच गाडी होती.

"म्हणजे तुमचंच पत्र तुम्हालाच द्यायचं?"

"अर्थात. वाहनधारक म्हणून माझी काही हरकत नाही," सचिव म्हणाले. "पण सचिव म्हणून मला ते वाहनधारकाचं पत्र तपासावं लागेल. दोन दिवस धरा."

दोन दिवसांनी सचिवांनी स्वतःच्या पत्रात तारीख नसल्याची त्रुटी काढली, स्वतःला दुरुस्त करायला लावली आणि शनिवारी संध्याकाळी नऊ अटींसह परवानगी दिली. तोवर कानसाहेबांची झोप अर्धी झाली होती. विभागात मॅडम एकदा म्हणाल्या, "सर, वायर बदलूनच घेऊया ना, रोज रोज सैल होतेय." त्यावर कानसाहेब जोराने खोकले.

रविवार उजाडला. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढच्या डाव्या चाकाचे नट आधी सैल केले, मग जॅक लावला. चाक निघालं आणि आतली लोखंडी चकती उघडी पडली. मेहुण्याने चकतीला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवला, दोन्ही बाजूंचे पॅड बाहेर काढले आणि एक कानसाहेबांच्या तळहातावर ठेवला. झिजून बिस्किटाएवढाही राहिला नव्हता.

"आणि ही बघा तुमची किंचाळणारी बाई," मेहुणा म्हणाला. पॅडच्या कडेला पत्र्याची एक छोटी वाकडी पट्टी होती. "पॅड झिजला की ही पट्टी चकतीला घासते आणि ओरडते. कंपनीच लावून देते, मुद्दाम. आवाज असा काढलाय की कितीही गोंगाट असो, गाडी चालवणाऱ्याला ऐकू आलाच पाहिजे."

"कोणालाही?"

"अगदी कोणालाही. बहिरा असला तर गोष्ट वेगळी," मेहुणा म्हणाला आणि हसला.

कानसाहेब त्या पट्टीकडे बघत राहिले. कुठल्याशा कारखान्यात कोणीतरी डोकं लढवून हा आवाज घडवला होता, खास त्यांच्यासाठी, त्यांचा जीव वाचावा म्हणून. तो मावशींना पोचला, सचिवांना पोचला, टपालवाल्याला पोचला. त्यांनी पट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "उजवं चाक मी करतो."

"राहू द्या हो."

"मी करतो म्हटलं ना."

मेहुण्याने डाव्या चाकाचं काम पुरं करून चाक चढवलं, उजव्या बाजूला जॅक लावून दिला आणि हात धुवायला वर गेला. कानसाहेब उजव्या चाकापाशी फतकल मारून बसले. नेमके त्याच वेळी सचिव परवानगीचा कागद घेऊन आले आणि उभ्याउभ्या अटी वाचू लागले. "अट चार. हत्यारांचा आवाज दुपारी दोन ते चार होता कामा नये. अट पाच. जमिनीवर डाग पडल्यास..." कानसाहेब एका कानाने अटी ऐकत होते, हाताने पॅड बसवत होते आणि मनात म्हणत होते, बहिरा असला तर गोष्ट वेगळी. अशा अवस्थेत आतला पॅड सरळ बसला आणि बाहेरचा उलटा. म्हणजे घासायची बाजू बाहेर आणि लोखंडी पाठ चकतीकडे. कॅलिपरने तक्रार केली नाही. बोल्ट आवळले गेले, चाक चढलं.

गाडीच्या पलीकडच्या अंगाला दुसरंच काम चाललं होतं. मावशी, ज्यांचं मन मुळात फार चांगलं, लांब चोचीची तेलाची डबी घेऊन खाली आल्या होत्या. पुरुष माणसांना एवढंसं कळू नये याचं त्यांना वाईट वाटत होतं. डाव्या चाकाच्या जाळीतून त्यांनी चोच आत घातली आणि चकतीवर दोन थेंब सोडले. मग गाडी शिवणाच्या मशीनपेक्षा मोठी असते हे आठवून आणखी दहा-बारा सोडले आणि समाधानाने खिडकीत जाऊन बसल्या.

चाचणीला सगळे जमले. बायको डावीकडे, मेहुणा मागे, सचिव पुठ्ठा घेऊन वळणावर. कानसाहेबांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो सरळ खाली गेला.

"घाबरू नका, नव्या पॅडला असंच होतं. पंप करा, पंप!" मेहुणा ओरडला. दहा-बारा वेळा दाबल्यावर पायाखाली जीव आला. गाडी निघाली. वेग असा, की बाजूने चालणारं माणूस पुढे जावं. वळण आलं आणि कानसाहेबांनी ब्रेक दाबला.

तेलात न्हायलेलं डावं चाक निवांत फिरत राहिलं. उजव्याने मात्र लोखंडाने लोखंड धरलं. गाडी उजवीकडे ओढली गेली आणि तिच्या पोटातून असा खरखराट निघाला, की कोणी पत्र्याचं छप्पर फरशीवरून फरफटत नेतंय. मावशींनी कान झाकले. सचिवांच्या हातून पुठ्ठा पडला. बायको डॅशबोर्ड धरून बसली. मेहुणा "हँडब्रेक! हँडब्रेक!" करत होता. गाडी शांतपणे जाऊन सक्त मनाईच्या फलकाला टेकली, फलक पाठीवर निजला, आणि कानसाहेबांनी एकदाचा हँडब्रेक ओढला.

त्या सगळ्या कल्लोळात एकाच माणसाचा चेहरा फुलला होता. कानसाहेबांनी दार उघडलं, बाहेर उडी मारली आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "ऐकू आला! मला ऐकू आला! स्पष्ट ऐकू आला!"

कानसाहेबांचे हात हळूहळू खाली आले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं. सचिवांनी खाली वाकून पुठ्ठा उचलला, सवयीने काहीतरी लिहिलं, मग कानसाहेबांकडे पाहिलं आणि लिहिलेलं नीट खोडून टाकलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कागदावरचं काही खोडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

बायको गाडीतून उतरली. "म्हणजे आधीचा येतच नव्हता तुम्हाला?"

"नाही."

"पंधरा दिवस?"

"पंधरा दिवसांपूर्वी कळलं. त्याआधी किती दिवस ते माहीत नाही." त्यांचा आवाज बसला होता. "कान गेले गं माझे. बारीक काही येत नाही. मी सगळ्यांचे तपासतो आणि माझेच..." बायकोने त्यांच्या शर्टावरचा ग्रीसचा डाग पदराने पुसायला घेतला, तो पसरला, तरी ती पुसत राहिली.

मावशी खिडकीतून म्हणाल्या, "तेल कमी पडलं बहुतेक," आणि तेव्हा मेहुण्याने डाव्या चाकाकडे धाव घेतली.

सोमवारी संध्याकाळी गाडी ओढून गॅरेजला गेली. मेकॅनिक पोटाने सुटलेला, बोलायला कंजूस. त्याने तेल प्यायलेले पॅड फेकले, उलटा पॅड काढून थोडा वेळ हातात धरला, कानसाहेबांकडे पाहिलं आणि काही न विचारता तोही फेकला. उजव्या चकतीवर ओरखडे पडले होते, तीही बदलली. त्याआधी सकाळी विभागात कानसाहेबांनी वही उघडली आणि मॅडमना म्हणाले, "वायर सैल नव्हती. तुम्ही बाहेर बसा, मी आत बसतो." काचेपलीकडच्या खोलीत चोवीस वर्षांत ते पहिल्यांदा पेशंटच्या खुर्चीवर बसले. आलेख जाड स्वरांना ठीक होता आणि बारीक स्वरांकडे जिन्यासारखा खाली उतरत गेला होता. विभागप्रमुखांनी तो पाहिला आणि एवढंच म्हणाले, "सकाळचं ऐकायचं काम आता मॅडम करतील. बाकी तुम्ही आहात तिथेच आहात. आणि कानाला यंत्र लावा, पेशंटना सांगता ना?" नोंदणीच्या खिडकीचं नावही कोणी काढलं नाही. कानसाहेबांना इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी दोन पेशंटना चहा पाजला.

शनिवारी यंत्र आलं. दोन्ही कानांत लावून, शेजारी बायकोला घेऊन, कानसाहेब नव्या ब्रेकची गाडी घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागले. पहिल्या चौकात त्यांनी ब्रेक लावला आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

आवाज होता. बारीक, लांबलेला, हवा फाडत गेल्यासारखा. डावीकडून.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तोच आवाज. रिक्षा आडवी आली, त्यांनी जोरात ब्रेक दाबला, आवाजही जोरात आला. कानसाहेबांनी बाजार सोडला आणि गाडी थेट गॅरेजला नेली.

"डावा ब्रेक वाजतोय," ते मेकॅनिकला म्हणाले. "आणि या खेपेला मी स्वतः ऐकलाय."

मेकॅनिकने चाक काढलं. पॅड पाहिले, चकतीवरून बोट फिरवलं, बोल्ट तपासले. चाक चढवलं. कानसाहेबांना चैन पडेना. "नाही, आहे आवाज. तुम्ही चला." मेकॅनिक मागच्या सीटवर बसला. गॅरेजमागच्या रस्त्यावर तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक ब्रेकला कानसाहेब विजयाने ओरडत, "हा! आला की नाही? डावीकडून!" आणि मेकॅनिक मागे बसून पुढच्या आरशात बघत राही. चौथ्या ब्रेकनंतर तो पुढे वाकला.

"साहेब, तुम्ही रस्ता बघताय. मी बाईसाहेबांचं तोंड बघतोय. ब्रेक ठणठणीत आहेत. आवाज डाव्या सीटचा आहे."

बायकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती पर्सची चेन उघडबंद करत म्हणाली, "तुम्ही ब्रेक लावलात की माझा श्वास आत जातो, दातांमधून. आपोआप. स्स्स, असा. पहिल्यांदा मी बोलायचे, हळू चालवा, हळू चालवा. तुम्ही चिडायचात. मग बोलणं सोडलं. हे तेवढं राहिलं."

"कधीपासून?"

"झाली की आठ-नऊ वर्षं."

"आणि मी काहीच म्हणालो नाही?"

"एकदासुद्धा नाही. मला वाटायचं, ऐकून घेतायत बिचारे. माझ्या मैत्रिणींनासुद्धा सांगायचे मी, बाकी तापट आहेत, पण गाडीत माझं सगळं सहन करतात."

मेकॅनिक दार उघडून खाली उतरला आणि त्याने त्या दाराचा अजिबात आवाज होऊ दिला नाही.

कानसाहेब स्टिअरिंग धरून बसले. आठ-नऊ वर्षं बायको शेजारी बसून दर वळणाला घाबरत होती, आणि त्यांना मात्र सोशिक नवऱ्याचा मान मिळत होता. त्यांना लाज वाटली, आणि त्याच वेळी तिच्याविषयी उमाळा दाटून आला. त्यांनी कानातल्या यंत्राला हात लावला.

"हे काढून ठेवू का गाडीत असताना? म्हणजे तुला मोकळेपणाने..."

"नको, राहू दे," बायको म्हणाली. "तुम्ही ब्रेक जरा आधीपासून लावत जा."